एकतीस सेकंदांचा फरक

सोमवार, ३ मार्च

पहिला फर्मा आज छापून झाला. सोळा पानांचा तो मोठा कागद एकदा यंत्रातून बाहेर पडला की त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलत नाही, हे पाच वर्षं मी इतरांना ऐकवत आले आहे. आज ते स्वतःलाच ऐकवायची पाळी आली. कारण या वेळी त्या सोळांतली चार पानं माझी आहेत.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. लेखक नाही. वादक संघाने मास्तरांच्या पंचाहत्तरीची पुस्तिका काढायची ठरवली, तेव्हा मालकांनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं. "आमच्याकडे एक मुलगी आहे. मेंडोलिन म्हटलं की तिला भूक लागत नाही." संघाचे लोक हसले आणि मला चार पानं मिळाली. पहिलाच लेख, आणि तोही मास्तरांवर. त्यांची कॅसेट मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकते आहे.

मुख्य मुद्दा पाचव्या पानावर आहे. "बाकीचे वादक सुरांवरून धावतात, मास्तर चालतात. त्यांचे ‘चौथी धून’मधील संथ वादन ऐकावे. तारेवरचा एकेक आघात बोटांवर मोजता येतो." हे वाक्य मी एकोणीस वेळा लिहिलं. (चूक. सतरा वेळा. दोन कागद नुसते कोरे फाडले होते.)

मागच्या आठवड्यात तारखा तपासायला त्यांच्या घरी गेले होते तेही लिहायचं राहिलं. मास्तर शाल गुंडाळून बसले होते, हात शालीच्या आत. सगळ्या तारखा तोंडपाठ. मी विचारलं, समारंभात वाजवणार का? ते म्हणाले, "बसणार. टाळ्या कुणीतरी ऐकायला नकोत का?" चहा त्यांच्यासमोर निवून गेला पण त्यांनी कपाला हात लावला नाही. नव्या माणसासमोर संकोचतात बहुतेक. निघताना दारातून पाहिलं, काकू त्यांच्या शर्टाच्या बाहीचं बटण लावत होत्या. या वयातही इतकी माया. लेखात घालावं असं वाटलं, पण खासगी गोष्ट म्हणून सोडलं.

बुधवार, ५ मार्च

शेवटच्या फर्म्याची प्रुफं आली. त्यात मास्तरांच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची यादी आहे, धुनेचं नाव, साल, लांबी. यादी एका संग्राहकाने केली आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त, घरात तीन हजार तबकड्या. यादी नेटकी आहे, फक्त ‘चौथी धून’पुढे लिहिलंय ४ मि. १० से. मी ते खोडून ४ मि. ४१ से. केलं.

याबाबतीत मला शंका नाही. लहानपणी मला दमा होता, आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. आई-बाबा कामावर जात आणि आत्या घरी शिकवत असे. सेकंदकाटा कसा वाचायचा ते तिने मला ‘चौथी धून’ लावूनच शिकवलं. धाप लागली की पाढे बाजूला ठेवून ती हीच फीत लावायची. चार मिनिटं एकेचाळीस सेकंद. माझ्या जन्मतारखेइतकं पक्कं.

शुक्रवार, ७ मार्च

संग्राहक स्वतः छापखान्यात आले. हातात प्रूफ, मनगटावर घड्याळ, गळ्यात दोरीला आणखी एक घड्याळ, थांबवता येणारं.

"ही खाडाखोड कुणाची?"

मी उभी राहिले.

"तुमची? वय काय तुमचं?"

"सव्वीस."

"माझ्याकडे ती तबकडी एकोणपन्नास वर्षं आहे."

मी म्हटलं, तबकडीच्या कागदावरही चूक छापलेली असू शकते. छापखान्यात असते म्हणून मला माहीत आहे. हे बोलायला नको होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मालक आतून बाहेर येऊन म्हणाले, "काका, ही मुलगी माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेतही चूक काढून बसली होती. मनावर घेऊ नका."

"निघाली का चूक?"

"निघाली ना. तोच तर वैताग."

मग संग्राहक जरा निवळले. म्हणाले, उद्या घरी या. कागदावर काय छापलंय ते जाऊ दे. प्रत्यक्ष मोजू.

शनिवार, ८ मार्च

चार मिनिटं दहा सेकंद.

रविवार, ९ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज नीट लिहिते.

संग्राहकांनी तबकडी कापडाने पुसली, सुई ठेवली, घड्याळ माझ्याच हातात दिलं. आणि सुरू झालं ते माझं नव्हतंच. धून तीच, वळणं तीच, पण कुणीतरी उतारावरून पळत सुटल्यासारखी. सूरही वरचे. आघात मोजायचा प्रश्नच नव्हता, ते एकमेकांत मिसळून एकसंध रेशमी धार झाली होती. मी म्हटलं, तुमचं यंत्र जलद फिरतंय. त्यांनी तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून फेरे मोजून दाखवले. मिनिटाला बरोबर तेहेतीस आणि वर तिसरा हिस्सा.

"तुम्ही कशावर ऐकता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आत्याचा जुना टेप.

"त्यातला रबरी पट्टा कधी बदललाय? तो सैल झाला की फीत हळू फिरते."

ते जिंकल्यासारखे हसले नाहीत, चहा करायला आत गेले. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणजे मी ज्याची स्तुती केली ते मास्तरांचं वाजवणं नव्हतं. एका सैल रबराचं होतं. आणि ते छापून झालंय. पाचशे प्रती. चौदा वर्षांची असताना मी त्यांना सभागृहात एकदाच ऐकलं होतं, तेव्हा वाटलं होतं, आज मास्तर घाईत दिसतात. वीस वर्षं पट्टा सैल आणि घाई मास्तरांना.

संध्याकाळी आत्याला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माहीत होतं की."

"काय माहीत होतं?"

"पट्टा सैल झालाय ते. तू सहाची असताना नवा आणून घातला होता मी. तू भोकांड पसरलंस. म्हणालीस, हे काका कोण? आमचे काका आण. रडून रडून धाप लागली तुला. मग जुनाच परत बसवला."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? झोपायचीस तू त्यावर."

जी बाई मला शुद्धलेखनात वेलांटी चुकली तर सगळं पान पुन्हा लिहायला लावायची, तिने वीस वर्षं चुकीची धून चालू ठेवली. मला हे कळतच नाही. तिला दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, ती उशीची खोळ इकडे दे.

सोमवार, १० मार्च

मालकांना सांगितलं. पहिला फर्मा पुन्हा छापा, मी रविवारी येऊन काम करीन.

"एवढ्यासाठी कागद वाया घालवू? लोक फोटो बघतात आणि स्वतःचं नाव कुठे आलंय ते बघतात. तुझा लेख तू आणि मी वाचलाय. मीही अर्धाच."

"पण ते खोटं आहे."

"मग शुद्धिपत्र घाल. हाताएवढी चिठ्ठी. पण एकोणीस तारखेच्या आत दे, नाहीतर बांधणीवाला माझ्या डोक्यावर बसेल."

शुद्धिपत्राने जरा बरं वाटलं. माणसाने चूक केली आणि ती पान-ओळीसकट सांगितली, तर निदान त्याला झोप यावी.

बुधवार, १२ मार्च

काकूंचा फोन आला. छापलेला फर्मा संघाने मास्तरांना दाखवायला पाठवला होता. (कुणी सांगितलं होतं पाठवायला?) काकूंचा आवाज वेगळाच होता.

"अहो, त्यांनी पाचवं पान मला तीनदा वाचून दाखवलं. म्हणाले, बघ, एकेक आघात मोजता येतो म्हणते पोरगी. मग मेंडोलिनची पेटी खाली काढायला लावली. वर्षानंतर. सकाळपासून तारा जुळवतायत. समारंभात वाजवणार म्हणतात. ‘चौथी धून’च."

मी काय बोलले आठवत नाही. काहीतरी छान छान म्हणाले असेन.

अर्थ उघड आहे. त्यांना माझी चूक सापडली. आता ते भर सभेत ती धून खऱ्या वेगाने वाजवून दाखवणार, म्हणजे माझा लेख हातात धरून बसलेल्या प्रत्येकाला कळेल. त्यांचा तो हक्कच आहे. फक्त काकू इतक्या आनंदात का होत्या?

गुरुवार, १३ मार्च

शुद्धिपत्र लिहिलं.

"पृष्ठ ५, ओळ ११ : ‘संथ वादन’ असे छापले आहे, ते ‘जलद वादन’ असे वाचावे. त्याआधीचे व त्यापुढील वाक्य रद्द समजावे. लेखिकेने सदोष यंत्रावर ऐकल्यामुळे ही चूक झाली. लेखिका दिलगीर आहे."

नियमाप्रमाणे, ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याला प्रूफ दाखवायला हवं. पाकिटात घालून मास्तरांकडे पाठवलं. टपाल नको म्हणून स्वतःच त्यांच्या दारातून आत सरकवलं आणि जिना उतरून पळाले. वरून मेंडोलिन ऐकू येत होतं. एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तोच सूर. तार जुळवत असावेत.

शनिवार, १५ मार्च

उत्तर नाही. शेवटच्या फर्म्यातली ४ मि. १० से. मी माझ्या हाताने परत लिहिली. आज एका जाहिरातीच्या प्रुफात माझ्या नजरेतून दूरध्वनीचा आकडा निसटला. मालकांनी पकडला. असं कधी झालं नव्हतं. घरी येऊन गॅस बंद केलाय का ते चारदा पाहिलं.

सोमवार, १७ मार्च

काकू छापखान्यात आल्या. मला वाटलं शाबासकी द्यायला. त्या माझ्या टेबलापाशी उभ्याच राहिल्या, पर्समधून शुद्धिपत्राचं प्रूफ काढून समोर ठेवलं.

"हे छापू नका."

मी म्हटलं, काकू, पण ते खरं आहे.

"असेल. गेल्या वर्षीपासून त्यांचा उजवा हात पळत नाही. कप धरला तर चहा सांडतो. डॉक्टर, उपाय सगळे झाले. ‘मी आता मेंडोलिन वाजवत नाही, मेंडोलिनला त्रास देतो’ असं म्हणून त्यांनी पेटी कपाटावर टाकली होती. तुमची चार पानं वाचून ती खाली आली. हळू वाजवणं हीच आपली खरी रीत, असं त्यांना वाटलं. आणि गुरुवारी ही चिठ्ठी आली. तेव्हापासून पेटी उघडलेली नाही."

निवलेला चहा. बाहीचं बटण. मी ते सगळं पाहिलं होतं, लिहूनही ठेवलं होतं.

"पाचशे लोकांत तुमची चूक कुणाला कळणार आहे?" काकू म्हणाल्या. "एक तुम्ही आणि एक तो घड्याळवाला."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या गेल्यावर मालक म्हणाले, "हे बघ, छापायचं नसेल तर माझं काम कमीच होतं." मी प्रूफ घडी करून खणात ठेवलं, काढलं, परत ठेवलं.

न छापलं तर मास्तरांच्या नावावर कायमचं खोटं राहतं, आणि तेही माझं. छापलं तर मी एका माणसाच्या हातातून वाद्य काढून घेते. परवा चिठ्ठी द्यायची आहे. विचारायचं कुणाला? आत्याला विचारावं, तर तिने पट्ट्याचं काय केलं ते मला माहीतच आहे.

मंगळवार, १८ मार्च

मास्तरांनी बोलावलं. निरोप असा की, ते सदोष यंत्र घेऊन ये.

टेप पिशवीत घालून गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मास्तर खुर्चीत. आज हात शालीबाहेर होते, उजवा मांडीवर थोडा थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"लाव."

मी फीत लावली. पहिले चार सूर झाल्यावर ते म्हणाले, "दोन पडदे खाली उतरलंय." मग सगळी धून डोळे मिटून ऐकली. संपल्यावर बराच वेळ फीत नुसती खरखरत राहिली. मला बंद करायचं धाडस होईना.

"कोण वाजवतोय हा?"

"तुम्हीच, मास्तर."

"छे. मी त्या वयात असा नव्हतो. हा माझ्याहून समजूतदार आहे." ते काकूंकडे वळले. "ऐकलंस? तू याच्याशी लग्न करायला हवं होतंस."

काकू म्हणाल्या, "कुठे होता हा तेव्हा?" आणि आत निघून गेल्या. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, मास्तर, मी शुद्धिपत्र छापत नाही. काकू म्हणतात ते बरोबर आहे.

"काकूंना विचारून लेख लिहिला होतास का?"

"नाही."

"मग? हे बघ, पाचवं पान वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, पोरगी काहीतरी घोटाळा करते आहे. मी कसा वाजवायचो ते मला माहीत नसेल? पण कळून न कळल्यासारखं केलं. दोन दिवस बरं वाटत होतं. मग तुझी चिठ्ठी आली आणि राग आला. तुझा नाही. तो वेग मी कमावला होता. रोज पहाटे चार तास, सोळा वर्षं. बोटांची सालं निघायची. आता हात गेला म्हणून तो वेग कधी नव्हताच असं लोकांनी वाचायचं? ते मला चालणार नाही. छाप चिठ्ठी."

"आणि समारंभात?"

"वाजवणार."

"पण मग लोक म्हणतील, चिठ्ठीत जलद लिहिलंय आणि..."

"चिठ्ठी त्या तबकडीबद्दल आहे ना? तीस तारखेच्या समारंभाबद्दल तू त्यात काही लिहिलेलं नाहीस. मी नीट वाचलंय."

मग त्यांनी प्रूफ मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं.

"एक दुरुस्ती आहे. ‘जलद’च्या आधी ‘फार’ घाल."

मी म्हटलं, मास्तर, विशेषण वाढवायचं तर आधार लागतो.

"चार मिनिटं दहा सेकंद. आणखी काय आधार पाहिजे?"

मी ‘फार’ घातलं. त्यांनी मग ‘लेखिका दिलगीर आहे’ यावर बोट ठेवलं. बोट कागदावर थरथरलं, टकटक असा आवाज झाला. "हे काढ. तू काय, वीस वर्षं ऐकलंस. दिलगीर कशाला?" ते मात्र मी काढलं नाही. चूक माझी आहे.

शनिवार, २२ मार्च

पाचशे चिठ्ठ्या मी स्वतः पाचव्या पानात घातल्या. मग शंका आली म्हणून सगळ्या प्रती उघडून पाहिल्या. सदोतीस प्रतींत चिठ्ठी चौथ्या पानात होती. मालक म्हणाले, घरी जा.

संग्राहकांना फोन करून सांगितलं की आकडा तुमचाच बरोबर होता आणि मी तो परत लिहिला आहे. ते म्हणाले, "बरोबर आहे ते मला ठाऊकच होतं." मग म्हणाले, "पण ती तुमची फीत मला एकदा ऐकवा."

मास्तरांच्या घरून काही बातमी नाही. मीही फोन केला नाही. पेटी उघडली असेल का? त्यांनी ‘वाजवणार’ म्हटलं तेव्हा काकू आत होत्या.

रविवार, ३० मार्च

सभागृह भरलं होतं. आत्या माझ्या डाव्या बाजूला, संग्राहक उजव्या बाजूला, गळ्यात घड्याळ. भाषणं चालू असताना लोक पुस्तिका चाळत होते आणि चिठ्ठ्या गळून खाली पडत होत्या. वाकून वाकून मी सहा उचलल्या. आत्याने माझा दंड धरून बसवलं.

मास्तर आले. काकूंनी मेंडोलिन मांडीवर ठेवून दिलं. त्यांनी कुणाची प्रस्तावना ऐकून घेतली नाही, एकदम सुरुवात केली.

फार सावकाश. माझ्या फितीपेक्षाही सावकाश. फितीत सैल पट्ट्यातूनही मागे एक ओढ असते, तरुण हाताची. इथे ती नव्हती. एक आघात, मग हात पुढच्यासाठी निघाल्याचं दिसायचं, मग दुसरा. मधे रिकामं. त्या रिकाम्या जागेत तारेचा आवाज विरत जाताना ऐकू यायचा, तो मी आधी कधी ऐकला नव्हता, माझ्या फितीतही नाही आणि तबकडीवरही नाही. दुसऱ्या वळणावर हात आलाच नाही. मास्तर थांबले. सभागृहात कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत एक बाई चिठ्ठी हातात घेऊन शेजारच्याला म्हणाल्या, "यात तर ‘फार जलद’ लिहिलंय." तो म्हणाला, "गप गं. ऐक." मी सहा बोटं मुठीत दाबून धरली होती. (चूक. दोन्ही हातांची सगळीच.) मग हात आला, आणि त्यांनी ते वळण पुन्हा पहिल्यापासून घेतलं, जणू ते तसंच असतं.

काकू विंगेत उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. ते खासगी.

आत्या मधेच पुटपुटली, "नीट श्वास घे." मी म्हटलं, मला काही होत नाहीये. ती म्हणाली, "तुला नाही म्हणत." ती रुमालाने नाक पुसत होती.

टाळ्या संपायला वेळ लागला. आत जाऊन मास्तरांना भेटले. ते घामाघूम होते, शाल खाली पडलेली. त्यांनीच विचारलं, "किती झाली?"

मी मोजलं नव्हतं. संग्राहक मागून म्हणाले, "पाच मिनिटं एकोणीस."

"एवढी?" मास्तर म्हणाले. मग काकूंना, "ऐकलंस? त्या समजूतदार माणसालाही मागे टाकलं." काकूंनी त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाल्या, "पुरे आता. पाणी प्या." पेला काकूंनी धरला आणि ते माझ्यादेखत प्यायले.

बाहेर पायऱ्यांवर संग्राहकांनी खिशातून वही काढून माझ्यासमोर धरली. यादीत आजची नोंद केली होती. धुनेचं नाव, तारीख, ५ मि. १९ से., आणि लांबीपुढे कंसात एक प्रश्नचिन्ह.

"मूळ लांबी चार दहा. हिला मी काय समजू? तुम्ही मुद्रितं तपासता. तुम्हीच सांगा."

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि प्रश्नचिन्ह खोडलं. कंससुद्धा. आकडा तसाच ठेवला. त्यांनी वही मिटून खिशात घातली.

दुसऱ्याच्या वहीत मी अशी खाडाखोड करायला नको होती, हे मला कळतं. तरी त्यांची माफी मागायची नाही असं ठरवलं आहे.